होंडाची सीआर-झेड इथे मिळणार नाही हे ठाऊक आहे, मग जुनी हायब्रिड कोणती घ्यावी? (ठाणे ते महापे, रोजचा प्रवास)

व्हॉल्व्हवाली

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे. अर्धी माहिती देऊन सल्ला मागणं मला पटत नाही, म्हणून सगळंच लिहिते.

राहते कोलशेत रोडला, नोकरी महापे एमआयडीसीत, व्हॉल्व्हच्या कारखान्यात क्वालिटीला. वय ४८. कापूरबावडी, माजिवडा, कळव्याचा पूल, विटावा, दिघा, ऐरोली, रबाळे, घणसोली असा रोजचा रस्ता, एका बाजूला साधारण २० किलोमीटर. सकाळी सातला निघाले तर पाऊण तास, संध्याकाळी दीड तासही मोडतो. आत्ताची गाडी २०१३ ची पेट्रोल हॅचबॅक, १ लाख १८ हजार किलोमीटर झालेत. तिने मला कधी रस्त्यात सोडलं नाही. पण विटाव्याच्या रेल्वे पुलाखालून सरकत सरकत जाताना क्लच इतक्या वेळा दाबावा लागतो की डावा गुडघा रात्रभर ठणकतो. हाडांच्या डॉक्टरांनी ऑटोमॅटिक घ्या म्हणून सांगितलं त्याला वर्ष झालं.

अजून घेतली नाही, त्याला कारण एक गाडी आहे.

२०११ मध्ये कंपनीने मला अकरा महिने जपानला, हामामात्सुला पाठवलं होतं. आमच्या लाइनचे सुपरवायझर साठीला आलेले, दिवसातून दहा वाक्यं बोलायचे. त्यांच्याकडे होंडाची सीआर-झेड होती, पांढरी. २०१० मध्ये बाजारात आलेली आणि त्या साली जपानची कार ऑफ द इयर ठरलेली. एका रविवारी हामाना तळ्याच्या कडेच्या रस्त्यावर त्यांनी गाडी थांबवली, किल्ली माझ्या हातात दिली आणि स्वतः डावीकडे जाऊन बसले. आंतरराष्ट्रीय परवाना मी इथूनच काढून नेला होता.

त्या गाडीत खुर्चीवर बसल्यासारखं वाटत नाही, पाटावर बसल्यासारखं वाटतं. पाय समोर पसरलेले, रस्ता अगदी बुडाखाली. सहा गिअरचा छोटा दांडा मनगटाने पडायचा. स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला तीन बटणं. स्पोर्ट दाबलं की मीटरचं कडं लाल व्हायचं, आणि दुसऱ्या गिअरमध्ये पाय दिला की इंजिनाच्या मागे कुणीतरी हात लावून ढकलतंय असं कळायचं. सिग्नलला न्यूट्रल केलं की इंजिन बंद. मला पहिल्यांदा वाटलं माझ्याच हातून बंद पडली. त्यांनी मान हलवली, क्लच दाबायची खूण केली, आणि गाडी पुन्हा सुरू. पंधरा वर्षं होत आली, पण ती सिग्नलची शांतता मला आजही आठवते.

ती गाडी भारतात कधी विक्रीलाच आली नाही. आता माझ्यासमोर दोन पर्याय आहेत, दोन्ही होंडाच्याच हायब्रिड.

एक, वाशीतल्या निवृत्त काकांची २००८ ची सिव्हिक हायब्रिड. पहिलेच मालक, ७१ हजार किलोमीटर, २ लाख ७५ हजार सांगतायत. लोळण्याइतकी जागा, बसायला खाली, आणि काका इतक्या प्रेमाने तिच्याबद्दल बोलतात की ऐकत राहावं.

दुसरी, खारघरची २०२२ ची सिटी ई-एचईव्ही, ४४ हजार किलोमीटर, १३ लाख ६० हजार. माझं बजेट १४ आहे.

घरचं मत असं की नवीन छोटी ऑटोमॅटिक घे आणि विषय संपव. पण मला निवृत्तीपर्यंत रोज दोन-अडीच तास गाडीतच काढायचे आहेत, तर त्यात काहीतरी जीव हवा. जुन्या हायब्रिडची बॅटरी कशी तपासायची? आणि कुणी ओळखीने जपानहून जुनी सीआर-झेड आणवल्याचं ऐकलंय का? हा शेवटचा प्रश्न वेडा वाटेल, तरी विचारते.


सेक्टर१७_कागदपत्र

मॅडम, प्रश्न वेडा नाही, पण उत्तर स्पष्ट नाही असंच आहे. वापरलेली गाडी भारतात आयात करायची तर ती बनल्यापासून ३ वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, स्टिअरिंग उजवीकडे हवं, उतरवायची ती मुंबई बंदरातच, आणि वर जबर ड्युटी. सीआर-झेड जपानात २०१७ च्या सुरुवातीला बंद झाली. म्हणजे शेवटची गाडी धरली तरी ती दारं कधीच मिटली. कुणी "एक पीस आहे, पेपर करून देतो" म्हणालं तर तिथूनच परत फिरा. कार्नेवर, म्हणजे तात्पुरत्या आयातीच्या कागदावर, पाहुणी म्हणून आलेली गाडी ठरल्या मुदतीत देशाबाहेर न्यावीच लागते, ती विकता येत नाही. अशा गाडीचा चेसिस नंबर दुसऱ्याच कुठल्या तरी आरसीवर चढवलेला निघाला, तर गाडीही जाते आणि पोलीस स्टेशनच्या फेऱ्याही तुमच्याच नशिबी येतात.

आता सिव्हिकबद्दल. काकांशी पुढचं बोलण्याआधी एमपरिवहन ॲपवर नंबर टाका आणि एकच तारीख बघा, आरसी कधीपर्यंत वैध आहे. २००८ चं पासिंग म्हणजे पंधरा वर्षं २०२३ मध्ये संपली. नूतनीकरण केलं असेल तर उत्तम, २०२८ पर्यंत काळजी नाही. केलं नसेल तर हिशेब बदलतो. एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या खासगी कारचं नूतनीकरण ५ हजार रुपये झालं, पण आयात केलेल्या कारचं ४० हजार. ती सिव्हिक हायब्रिड जपानहून तयारच यायची, त्यामुळे तिच्या आरसीवर "इम्पोर्टेड" असण्याचीच शक्यता जास्त. वर उशिराचे दर महिन्याला ५०० असा नियम आहे, आणि पर्यावरण कर वेगळा. २० वर्षांनंतरची फी ऑगस्ट २०२५ मध्ये आणखी वाढली, आयात चारचाकीला ८० हजार. म्हणजे २०२८ ला पुन्हा खिसा रिकामा. नेमका आकडा परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर टाकला की निघतो.

दोन्ही गाड्यांना सारखं लागू: कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, विक्रीचे फॉर्म २९ आणि ३०, थकलेले ई-चलन, आणि विमा १४ दिवसांत स्वतःच्या नावावर. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो धरून कुणी हप्ता सांगत असेल तर मान्य करू नका. सिव्हिकला नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलीय का तेही बघा, एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांना ती सक्तीची आहे.


घोडबंदर_सहा_गिअर

ताई, तुमचं लिहिलेलं दोनदा वाचलं. एक विचारू का? त्या रविवारी तुम्हाला आवडलं ते हायब्रिड होतं की गिअर?

कारण सीआर-झेडमध्ये दोन गोष्टी एकत्र होत्या: खाली बसून सहा गिअर टाकायची मजा, आणि सिग्नलला बंद होणारं, मोटरचा हात लागणारं इंजिन. आपल्याकडच्या सेकंडहॅन्ड बाजारात या दोन गोष्टी एका गाडीत येत नाहीत. दोन्हींपैकी एक सोडावीच लागेल. मला विचाराल तर सिटीचीच साधी पेट्रोल, सहा गिअरची मॅन्युअल बघा. मी चालवतो. घोडबंदरवरून पहाटे वसईकडे निघालो की गायमुखच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये ती जे गाते ते कुठल्याही ऑटोमॅटिकमध्ये नाही. पैसेही चार लाख वाचतील.


व्हॉल्व्हवाली

प्रश्न अगदी वर्मावर आला. दोन दिवस याचाच विचार करत होते, म्हणून उत्तराला उशीर.

खरं सांगायचं तर दोन्ही. पण पंधरा वर्षांत मी त्या आठवणीतला गिअर मोठा केला आणि सिग्नल लहान केला, असं आता वाटतं. गिअरची मजा तळ्याच्या रस्त्यावर होती. तिथे रविवारी वाहनं नव्हती. माझ्या रोजच्या रस्त्यावर दुसरा गिअर पडतो आणि लगेच पहिल्यावर यावं लागतं. काल मोजलं, कळवा नाका ते दिघा एवढ्या अंतरात क्लच ९४ वेळा दाबला. गाडी थांबलेली असताना इंजिन उगाच धडधडत असतं, शेजारी ट्रकचा धूर, आणि मी पाय क्लचवर धरून बसलेली. मला या ९४ वेळांचं उत्तर हवंय. म्हणून मॅन्युअल यादीतून काढली. गायमुखचं वर्णन वाचून हात शिवशिवले, हे मात्र कबूल.

सिव्हिकच्या बॅटरीबद्दल कुणी हाताने काम केलेलं माणूस सांगेल का?


तुर्भे_गॅरेज

ताई, मी सांगतो. तुर्भ्याला गॅरेज आहे, बावीस वर्षं झाली. इलेक्ट्रिकल मी स्वतः बघतो.

आधी यंत्रणा समजून घ्या. सीआर-झेड आणि ती सिव्हिक एकाच घराण्यातल्या. होंडा त्याला आयएमए म्हणायची. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे चपटी थाळीसारखी मोटर बसवलेली. गाडी ओढायचं मुख्य काम इंजिनाचं, मोटर चढाला आणि पिकअपला हात लावते, ब्रेक मारला की तीच जनरेटर होऊन बॅटरी भरते. तुम्ही "कुणीतरी ढकलतंय" लिहिलंय ते अगदी बरोबर. पण सीआर-झेडला दीड लिटरचं इंजिन आणि सहा गिअर होते, सिव्हिक हायब्रिडला १.३ लिटर आणि सीव्हीटी, म्हणजे पायऱ्या नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. नातं आहे, स्वभाव वेगळा. सिव्हिक शांत बाई आहे. तिच्याकडून तळ्याकाठची मजा मागू नका.

बॅटरी निकेल मेटल हायड्राइडची, १३२ सेल, १५८ व्होल्ट. सगळे सेल एकामागे एक जोडलेले. दिंडीत एक वारकरी थकला की मागची रांग अडते, तसं एक सेल कमजोर झाला की अख्खा पॅक तेवढाच चालतो. आणि पॅकला तीन गोष्टी मारतात: उष्णता, धूळ आणि उभं राहणं.

उभं राहण्याचं मी स्वतःच्या अनुभवाने सांगतो. याच पद्धतीची जुनी हायब्रिड माझ्याकडे सात वर्षं होती. २०२० च्या लॉकडाउनला मी तिला गॅरेजच्या मागे चार महिने उभी केली, १२ व्होल्टची तार काढली आणि समजलो की झालं. मोठ्या बॅटरीचे सेल मात्र आतल्या आत उतरत राहिले, प्रत्येक वेगवेगळा. जुलैत सुरू केली तर मीटरवर चार्ज दिसतोय पण पूल चढताना दम नाही. सगळे सेल एकसारखे करायला हळू चार्जरवर तीन दिवस लावावे लागले, तरी सेलांच्या दोन पट्ट्या बदलाव्या लागल्याच. चूक माझीच, दर आठवड्याला अर्धा तास फिरवली असती तर वाचली असती. तुमच्या काकांची गाडी १७ वर्षांत ७१ हजार म्हणजे ती बहुतेक वेळ उभीच आहे. कमी किलोमीटर हे इथे कौतुकाचं नाही, ताई. रोज चाललेली १ लाख २० हजारवाली हायब्रिड मी आधी बघेन.

तपासायचं असं. सकाळी जा, इंजिन पूर्ण थंड असताना. मालकांना आधी सुरू करू देऊ नका. मागच्या सीटजवळ बॅटरीच्या पंख्याची जाळी शोधा. त्यावर टॉवेल, उशी, पिशवी काही आहे का बघा, टॉर्च मारून आत धूळ किती ते बघा. पंखा गाडीतली हवा खेचतो, म्हणून जाळी झाकली की बॅटरी भाजते. मग एसी लावून चढावर न्या. वाशीहून जवळ म्हणजे बेलापूरची पारसिक हिल. चढताना चार्जच्या काड्यांवर नजर ठेवा. एक-एक करून उतरल्या तर ठीक. पाच-सहावरून धाडकन एकावर आल्या आणि इंजिन एकदम ओझं ओढायला लागलं, तर पॅक दमलाय. आयएमएचा दिवा किल्ली फिरवल्यावर लागून विझला पाहिजे. लागलाच नाही तर कुणीतरी बल्ब काढलाय. आणि गाडीतल्या बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावाच. "पी-झिरो-ए-सेव्हन-एफ" कोड म्हणजे बॅटरी खालावल्याची नोंद. कोड पुसून गाडी दाखवणारे असतात, म्हणून चढानंतर पुन्हा एकदा स्कॅन.

बरी गोष्ट ही की आयएमएची बॅटरी दमली तरी इंजिन चाकं फिरवतं, घरी पोचता. पण मग तुम्ही हायब्रिडचं वजन वाहणारी १.३ लिटरची मोठी गाडी चालवताय. २००८ ला ती साडेएकवीस लाखांना आली होती आणि त्याच वर्षाच्या शेवटी किंमत आठ लाखांनी उतरवली, तेव्हाही फार थोड्या गेल्या. त्यामुळे पार्ट शोधताना जीव जातो. आणखी एक, पंपावर आता ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आहे. होंडाने १ जानेवारी २००९ नंतर बनलेल्या गाड्यांचं सामान ई-२० ला चालेल म्हटलंय. तुमची त्या तारखेच्या आधीची. रबरी पाइप आणि सील बदलायचा खर्च धरा.

सिटी हायब्रिडबद्दल चालवणाऱ्याकडून ऐका. गॅरेजमध्ये माझ्याकडे त्या अजून फारशा आलेल्या नाहीत.


खारघर_ईएचईव्ही

मी चालवतो, मे २०२२ मध्ये गाडी आली तेव्हाची पहिल्या महिन्यातली बुकिंग. ५८ हजार किलोमीटर झाले. खारघर ते ठाणे आठवड्यातून चार दिवस, म्हणजे तुमचाच रस्ता, उलट्या दिशेने.

ही गाडी आयएमएपेक्षा पूर्ण वेगळी आहे. दोन मोटर. गर्दीत चाकं मोटर फिरवते, इंजिन फक्त वीज तयार करायला मधे मधे सुरू होतं. एकसारख्या वेगात, मोकळ्या रस्त्यावर, एक क्लच जुळतो आणि इंजिन थेट चाकांना लागतं. नेहमीचा गिअरबॉक्स नाहीच. म्हणून तुमच्या विटावा-दिघा पट्ट्यात ही घरच्यासारखी चालते. एसी सुरू ठेवून मला ऐरोली-कळव्याच्या गर्दीत २२-२३ चं ॲव्हरेज पडतं, आणि पुणे एक्सप्रेसवेला १०० च्या वेगात १९-२०. ऐकायला उलटं वाटेल, पण हिचं माहेर गर्दी आहे. कंपनीचा आकडा २६.५ होता, तो मला कधी मिळाला नाही. तुम्हीही तो धरू नका.

मजा आहे का? सिग्नल सुटल्यावर २५३ न्यूटन मीटर टॉर्क तळापासून हाताशी असतो. साठपर्यंत ती आवाज न करता जाते आणि मागून हॉर्न वाजायच्या आत तुम्ही पुढे असता. पण पाय जोरात दिला की इंजिन एका सुरात ओरडतं आणि वेग त्याच्या मागून येतो. गिअर टाकणाऱ्या माणसाला ते खटकेल. स्टिअरिंगमागे दोन पाती आहेत, त्यांनी गिअर बदलत नाहीत, वेग कमी करताना वीज किती परत घ्यायची ते ठरतं. मी पाम बीच रोडला सिग्नल दिसला की डावं पातं दोनदा दाबतो आणि ब्रेकला पाय न लावता गाडी आपसूक मंदावते. त्यात एक वेगळं कौशल्य आहे. लागेल हळूहळू.

बघताना: डिकी उघडा. पेट्रोल सिटीची ५०६ लिटर, हिची ३०६, कारण बॅटरी तिथे आहे. मोठी सुटकेस आणि गणपतीचं सामान एकदम मावत नाही. पुढची काच बदललीय का ते काचेच्या कोपऱ्यातल्या खुणेवरून बघा. काचेमागचा कॅमेरा ब्रेक आणि लेन सांभाळतो, काच बदलल्यावर तो पुन्हा जुळवून घ्यावा लागतो, आणि बाहेर स्वस्तात काच बसवणारे ते करत नाहीत. चारही डिस्कवर गंज आहे का बघा. ब्रेक कमी लागतात म्हणून पावसाळ्यात उभी राहिलेली गाडी डिस्कवर लगेच दिसते. १२ व्होल्टची छोटी बॅटरी किती जुनी तेही विचारा. ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी "रेडी" होत नाही. माझी छोटी बॅटरी साडेतीन वर्षांनी बदलली.

मोठ्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर वॉरंटी आहे, म्हणजे २०२२ च्या गाडीला २०३० पर्यंत. चेसिस नंबर देऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून सर्व्हिसची पूर्ण नोंद काढून घ्या, आणि वॉरंटी तुमच्या नावावर चालू राहील हे लेखी मागा. एकही सर्व्हिस बाहेर झाली असेल तर तो मुद्दा आधीच मिटवा.

आणि पाणी. विटाव्याच्या पुलाखाली पाणी भरतं हे तुम्हाला सांगायला नको. पाणी दिसलं की मी ऐरोली पुलाने मुलुंडकडून फिरून जातो, पाऊण तास जास्त गेला तरी. विकणाऱ्याची गाडी पाण्यातून काढलेली नाही ना, यासाठी डिकीतलं कार्पेट उचलून वास घ्या आणि सीटच्या रुळांखाली गाळाची रेष आहे का बघा.


व्हॉल्व्हवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी दोन्ही गाड्या बघून आले.

सिव्हिक आधी. काकांच्या सोसायटीत जांभळाच्या झाडाखाली उभी होती. एमपरिवहनवर तारीख बघितली तर सप्टेंबर २०२३ लाच आरसी संपलेली. काकांना हे ठाऊकच नव्हतं. दिल्लीसारखी पंधरा वर्षांनी गाडी बंद नाही करत ना महाराष्ट्रात, एवढंच त्यांनी धरून ठेवलं होतं. फी सांगितल्यावर ते उठून आत गेले आणि फाइल घेऊन आले. सतरा वर्षांच्या पावत्या, तारखेप्रमाणे लावलेल्या, टाचण्या गंजलेल्या. आमच्या कारखान्यात इतकं नीट रेकॉर्ड ठेवणारं माणूस मला मिळालं तर मी त्याला लगेच कायम करीन.

मागच्या सीटवर घडी घातलेली शाल होती, बरोबर जाळीवर. काकू गेल्यापासून तिथेच आहे म्हणाले. मी ती हातात घेतली आणि परत कुठे ठेवू ते मला कळेना, शेवटी पुढच्या सीटवर ठेवली. जाळीत धूळ होती. पारसिक हिलला एसी लावून चढवली. निम्म्या चढावर सहा काड्यांवरून एकदम एक. तुर्भेवाल्या दादांनी लिहिलं होतं अगदी तस्संच, इंजिन एका दमात जड झालं. काका शेजारी बसले होते, त्यांनाही कळलं. त्यांनी विचारलं, "बॅटरी गेली का?" मी सांगितलं, गेली नाही, दमलीय, पण मला हा खर्च आणि हा शोध झेपणार नाही. ४० हजार आणि वर सव्वादोन वर्षांचा उशीर, पर्यावरण कर, पट्ट्या, पाइप, हे सगळं जोडलं तर गाडीच्या निम्म्या किमतीच्या जवळ जातं, आणि नोकरी सांभाळून मी ते करू शकत नाही. कुणी जाणता, वेळ असलेला माणूस ही गाडी घेईल तर तिचं सोनं होईल. इथे कुणाला गंभीरपणे घ्यायची असेल तर मला निरोप टाका, काकांना विचारून गाठ घालून देते. फाइलसकट.

दुपारी खारघर. सिटी. गाडी स्वच्छ, डिकीला वास नाही, रुळांखाली कोरडं. काच मूळचीच. डिस्कवर हलका गंज, दोन ब्रेकमध्ये गेला. मालकांनी सर्व्हिसची नोंद मोबाइलवर दाखवली, पण मी अधिकृत प्रत मागितलीय. पाम बीचला घेऊन गेले. डावं पातं तिसऱ्या सिग्नलपर्यंत जमलं. घोडबंदरवाल्या दादा, पाय जोरात दिला तेव्हाचा तो एकसुरी आवाज मला खटकला, खोटं सांगत नाही. पाटावर बसल्याचं सुखही नाही, ही खुर्चीच आहे. पण नेरुळच्या सिग्नलला गाडी थांबली आणि सगळं गप्प झालं. एसीचा वारा तेवढा. मालक काहीतरी सांगत होते, ते मला नीट ऐकूच आलं नाही.

परत येताना मुद्दाम कळवामार्गे आले, माझ्या हॅचबॅकने. क्लच मोजला नाही.

ठरलंय माझं. १३ लाख ६० ला नाही, १३ वर बोलणी आहेत, मालक १३ लाख २० म्हणतायत. एकच शंका: डाव्या मागच्या दाराचा रंग सूर्यप्रकाशात किंचित वेगळा दिसतो. मालक म्हणतात पार्किंगमध्ये खांबाला घासलं होतं, दार बदललं नाही, फक्त रंगवलं. दाराची फट वर आणि खाली मोजली, माझ्या फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्या), अर्ध्या मिलिमीटरचा फरक आहे. हा फरक कारखान्यातूनच असू शकतो का, की दार उतरवलेलं आहे? तुर्भेवाले दादा, शनिवारी खारघरला येऊ शकाल का? तुमची जी फी असेल ती देईन.


तुर्भे_गॅरेज

अर्धा मिलिमीटर म्हणजे काही नाही, ताई, पण फट पाहून निकाल देऊ नका. दार उघडून बिजागरीचे बोल्ट बघायचे. बोल्टच्या डोक्यावरचा रंग पान्याने सोलला असेल तर दार उतरवलंय. आणि दारापेक्षा महत्त्वाचं, मागच्या चाकाच्या वरचा पत्रा आणि खालची फ्रेम. तिथे स्पॉट वेल्डिंगचे ठिपके एकसारखे हवेत. खांबाला घासलेली गाडी आणि मागून ठोकलेली गाडी यात फरक तिथे कळतो, कारण त्याच बाजूला आत बॅटरी आहे.

शनिवारी येतो. सकाळी साडेसहाला, उन्हाच्या आधी. रंगाची जाडी मोजायचं यंत्र आणि स्कॅनर आणतो. मालकांना आदल्या रात्रीच फोन करून सांगा की सकाळी गाडी हलवू नका, सुरूही करू नका. टोकन तोपर्यंत देऊ नका.


व्हॉल्व्हवाली

नाही देत. फोन आत्ताच करते. येताना फिलर गेज माझं मी आणते.